गाडी दबली की निघायची

आमच्या ड्रायव्हरला सगळे काटा म्हणायचे. भंगारवाल्याच्या दुकानात असतो तसा वजनकाटा. गाडीत कोण चढलं, किती सामान पडलं, हे त्याला मागे वळून बघावं लागायचं नाही. बुडाखाली कळतं म्हणायचा. तरुणपणी त्यानं दगडाच्या खाणीवर ट्रक चालवला होता आणि तिथल्या उतारावर भरलेल्या मालाचा अंदाज चुकला तर माणूस घरी परत जात नाही. खाण सुटली, ती सवय राहिली. आमचा गवंडी एकदा सुट्टीवरून परत आला तर हा समोर बघतच म्हणाला, "सासुरवाडीला चांगलंच चापलेलं दिसतंय." गवंडी दिवसभर फुगून बसला, कारण ते खरं होतं.

आम्ही लिफ्ट बसवणारी टोळी. वेल्डर, गवंडी, फिटर आणि मी वायरमन. माझ्या तोंडामुळे मला झटका म्हणतात आणि मी ते नाव मनावर घेतलेलं नाही. आमची गाडी डिझेलची, लांबोडकी, शोरूममधून पांढरी म्हणून आलेली आणि पुन्हा कधी पांढरी न दिसलेली. पुढे ड्रायव्हर आणि शेजारी एक जण. मागे एक लांब बाक, बाकाच्या डाव्या हाताला सरकतं दार. बाकामागे लोखंडी जाळी आणि जाळीपलीकडे मोटरी, तारेची रिळं, वेल्डिंगचं मशीन, सिमेंटच्या गोणी. म्हणजे माणसं आणि माल एकाच पत्र्याखाली. थंडीत इंजिन सुरू झालं की आधी सगळी गाडी खोकायची, मग आमच्यातला एकेक जण.

काट्याचं लग्न राहून गेलं होतं. कारण विचारलं तर म्हणायचा, "बायको बसल्यावर गाडी किती दबेल याचा अंदाज येईना." खरं कारण त्याची धाकटी बहीण. आईवडील लवकर गेले आणि तिला यानंच वाढवलं, शिकवलं, आणि तिच्यासाठी नवराही यानंच शोधला, तोही याच गाडीत. आमचा फिटर. अंगानं काडी, डोळ्यांवर जाड चष्मा, बोलायला गरीब. काट्यानं वर्षभर त्याला रोज कामावर नेलं-आणलं आणि मग आम्हाला सांगितलं, "हा पोरगा दार आपटत नाही. आत माणसं झोपलेली असतात म्हणून हळूच सरकवतो. माझ्या बहिणीला असाच माणूस पाहिजे." आम्ही हसलो. पण संसार चांगला झाला. त्यांना एक मुलगी झाली, ती मोठी झाली, आणि काटा आपल्या मेहुण्याला इतक्या वर्षांनंतरही कौतुकानं 'दाजी' म्हणायचा.

सकाळी अंधारातच गाडी निघायची. आधी गवंडी, मग वेल्डर आणि मी, आणि शेवटी बहिणीच्या घराचा कोपरा. तिथे रस्ता वळतो आणि वळणावर एका बंद गोदामाची उंच भिंत आहे. काटा गाडी बरोबर त्या भिंतीकडे तोंड करून थांबवायचा. दार सरकल्याचा आवाज यायचा, गाडी दबायची, दार बंद व्हायचं, आणि काटा निघायचा. 'या', 'बसा', 'झालं का' असलं काही नाही. आम्ही तोवर पुन्हा डोळे मिटून बसलेलो असायचो. एवढ्या वर्षांत ना तो कधी चुकला, ना आम्ही कधी डोळे उघडले.

मग ती सकाळ आली. कोपरा झाला, वळण झालं, आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो आणि काट्याचा फोन वाजला. त्यानं गाडी बाजूला घेतली, ऐकलं, आणि आम्ही जागे झालो तेव्हा गाडी उलटी वळत होती. कोपऱ्यावर माणसं जमली होती. दुधाचा टेम्पो आडवा उभा होता. टेम्पोवाला पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, "हे एकदम रस्त्यात धावत आले हो, पुढच्या गाडीमागे." आमचा फिटर रस्त्याच्या कडेला होता. त्याच्या अंगावर कोणीतरी चादर टाकली होती आणि चष्मा शाबूत, मुठीत होता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा काटा म्हणाला, "मी नेहमीसारखा थांबलो. पुष्कळ वाट पाहिली. दाजी आले नाहीत. आज येत नसतील म्हणून निघालो." आम्ही झोपलेले, आम्हाला काय माहीत? आम्ही माना हलवल्या.

बहीण एवढंच सांगत होती, "चष्मा विसरले होते. मी हाक मारली. हाक मारली म्हणून ते मागे आले." ती हे प्रत्येकाला सांगत होती, जणू कोणीतरी तिला पकडून न्यावं म्हणून. आणि तिची मुलगी, बापाचं नाक आणि मामाचा हट्ट घेऊन आलेली, सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, तू हाक मारली नसतीस तर बाबांना गाडी मिळाली असती."

कोणीतरी त्या पोरीला गप्प करायला हवं होतं. काटा तिथेच, दोन पावलांवर उभा होता. तोही काही बोलला नाही.

फिटरची हत्यारांची पिशवी सापडली नाही. तिच्यासोबत चेनपुलीही गेली. जड सामान वर ओढायची ही साखळीची पुली तेल घालायला म्हणून त्यानं आदल्या दिवशी घरी नेली होती. गर्दीत कोणीतरी लांबवली असणार, असं सगळ्यांनी धरलं. मेलेल्या माणसाच्या हत्यारांवर डल्ला मारणाऱ्या त्या चोराला मी महिनाभर शिव्या घातल्या.

काट्यानं गाडी सोडली नाही. पण तो बदलला. बोलणं तुटलं, थट्टा तर संपलीच. आणि त्या कोपऱ्यावर तो अजूनही थांबायचा. चढणारं कोणी नसताना रोज तिथे थांबायचा, खाली उतरायचा, सरकतं दार स्वतः उघडायचा, परत येऊन स्टिअरिंगवर बसायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. मग एकदम उतरून दार लावायचा, अगदी हळू, आणि गाडी काढायचा. गवंडी म्हणाला, "दुःख आहे माणसाला, करू दे." वेल्डर म्हणाला, "थंडी वाजते राव." मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मी मागचं बाक सोडून पुढे त्याच्या शेजारी बसलो.

तेव्हा मला त्याची खरी युक्ती कळली. कसलं डोंबलाचं बुडाखाली कळतं! गाडीच्या दिव्यांचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो. मागे माणूस चढला की गाडी मागून दबते, पुढून उचलली जाते, आणि भिंतीवरचा उजेड चार बोटं वर सरकतो. माणूस उतरला की खाली येतो. वर्षानुवर्षं हा भिंत वाचत होता आणि आम्हाला बुडाच्या गोष्टी सांगत होता. मी हसणारच होतो.

तेवढ्यात उजेड वर सरकला.

मागे बाकावर वेल्डर आणि गवंडी होते, दोघेही गाढ झोपलेले, हललेसुद्धा नव्हते. दार उघडं होतं. दारात कोणी नव्हतं. भिंतीवर विटांच्या एका ओळीपाशी असलेला उजेड आता तिच्यावरच्या ओळीवर होता आणि तिथेच राहिला. काट्यानं श्वास सोडला, उतरून दार लावलं, आणि गाडी काढली. माझ्याकडे त्यानं बघितलंही नाही.

मी भुताखेतांना मानणारा माणूस नाही. वीज दिसत नाही पण ती का वाहते हे मला माहीत आहे, आणि तेवढ्यावर माझं आयुष्य चाललंय. त्याच संध्याकाळी मी गाडी गॅरेजवाल्याकडे नेली आणि मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, तपासायला लावले. तो खाली सरपटून गेला, बाहेर आला आणि म्हणाला, "ठणठणीत आहेत. तुम्हीच तपासून घ्या स्वतःला." मी दिव्यांच्या तारा तपासल्या, काचा घट्ट केल्या, वेगळा बल्ब लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे उजेड पुन्हा वर सरकला. रोज सरकला. मी पुढेच बसत राहिलो, कारण आता मागे बसायची मला भीती वाटायला लागली होती. हे मी वेल्डरला सांगितलं असतं तर त्यानं मला जन्मभर सोडलं नसतं, म्हणून सांगितलं नाही.

काही महिन्यांनी आमच्या मालकीणबाईंनी फिटरच्या बायकोला कामावर घेतलं. नव्या लिफ्टच्या डब्याचे स्टीलचे पत्रे प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेले येतात. ते सोलायचं, डाग काढायचे, आरसा पुसायचा, असं काम. बाईंनी काट्याला सांगितलं, "तुझ्याच बहिणीचं घर वाटेवर आहे. घेऊन येत जा." काटा हो म्हणाला, पण त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

पहिल्या दिवशी ती कोपऱ्यावर उभी होती, हातात डबा, अंगावर नवऱ्याचा स्वेटर. गाडी थांबली. काटा खाली उतरला नाही. त्याची काही गरजच पडली नाही. तिनं दार सरकवलं आणि पायरीशी जरा थांबली, चढणाऱ्या माणसाला आपण वाट देतो तशी. भिंतीवर उजेड वर गेला. मग ती चढली, आणि उजेड आणखी वर गेला.

काटा गिअर टाकायचा विसरला. "चल ना दादा," ती म्हणाली, "उशीर होईल."

ती फिटरच्या जागेवर बसायची, दाराजवळ. चांगली कामाची बाई. पण मला एक गोष्ट खटकायची. ती कोणाला हाक मारत नव्हती. काही हवं असलं तर अख्खा जिना उतरून येणार, समोर उभी राहणार आणि मगच बोलणार. मला वाटलं, स्वभाव असेल. मग एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वेल्डर लांब फळी धरून उलट्या पावलांनी मागे येत होता. मागे लिफ्टचा उघडा चौक, खाली तळापर्यंत पोकळी, आडवी दोरी कोणीतरी सोडून ठेवलेली. मी चौकाच्या पलीकडच्या बाजूला, वायर दातात धरून. तिनं ते बघितलं. तिचं तोंड उघडलेलं मला दिसलं, मानेच्या शिरा दिसल्या, पण आवाज नाही. शेवटी तिनं हातातली पाण्याची बादली जमिनीवर आपटली. त्या आवाजानं वेल्डर जागच्या जागी थांबला. त्याची एक टाच काठावर होती.

वेल्डर तिच्या पाया पडायचा बाकी होता. ती मात्र भिंतीला टेकून खाली बसली आणि मला म्हणाली, "भाऊ, मला हाक मारता येत नाही. तोंडातून निघतच नाही. त्या दिवशी मारली, ती शेवटची."

मी म्हणालो, "अहो, पण त्यात तुमचा काय दोष?"

"माझाच. दादा किती वेळ थांबला होता. मी मागे बोलावलं नसतं तर ते वेळेवर पोचले असते." मग तिनं पदरानं ओलं झालेलं पाऊल पुसलं आणि हळूच म्हणाली, "पोरगी आत्याकडे राहायला जाणार आहे. कायमची. म्हणते, आई, या घरात मला तू दिसतेस आणि तेच ऐकू येतं. या महिनाअखेरीस जाईल. मी काय म्हणून अडवू?"

मला माझ्या रागाची सवय आहे, पण त्या दिवशी राग कोणावर काढावा ते कळेना.

त्याच आठवड्यात गाडीतला मागचा दिवा सारखा विझायला लागला. मालकीणबाईंच्या कारखान्याच्या आवारात गाडी उभी करून मी तार शोधत बाकाखाली शिरलो. बाकाखाली एक पत्र्याची पेटी आहे, जुन्या दोऱ्या आणि फाटकी ताडपत्री टाकायची. कोणी उघडत नाही. तार तिच्यामागून गेलेली, म्हणून मी ती ओढली तर ती हलेना. झाकण उघडलं. ताडपत्रीच्या घडीत चेनपुली होती. तिच्याखाली फिटरची हत्यारांची पिशवी, तिचा बंद त्यानं स्वतः निळ्या वायरनं शिवलेला. ती वायर त्याला मीच दिली होती.

चोराला मी घातलेल्या सगळ्या शिव्या मला आठवल्या.

पिशवी गाडीत आहे म्हणजे फिटर गाडीपर्यंत आला होता. मी तसाच काट्याकडे गेलो. तो नळावर हात धूत होता. मी म्हणालो, "पिशवी सापडली." त्यानं नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं आणि तो सांगत राहिला.

त्या सकाळी तो नेहमीसारखा थांबला होता. दार सरकलं. फिटरनं आधी चेनपुली आत ठेवली, मग पिशवी. काडीच तो, आणि ती पुली म्हणजे लोखंडाचा गोळा. दोन्ही मिळून त्याच्याइतकीच भरली. उजेड वर गेला. तेवढ्यात बायकोची हाक आली असणार. तो चष्म्यासाठी मागे वळला, आणि आत झोपलेल्यांना वारा लागू नये म्हणून त्यानं दार हळूच लावून घेतलं. काट्याला दाराचा आवाज आला, भिंतीवर उजेड वर दिसला, आणि त्यानं गाडी काढली. क्षणभरसुद्धा थांबला नाही. फोन आल्यावर गाडी वळवायच्या आधी त्यानं मागे बघितलं, तर दाजींच्या जागी पुली आणि पिशवी होती आणि आम्ही झोपेत होतो. दोन्ही त्यानं हळूच बाकाखालच्या पेटीत दडवली.

"मान वळवायची होती फक्त," काटा म्हणाला. "एकदा. एवढी वर्षं लोकांना सांगत आलो ना, मला बघावं लागत नाही म्हणून."

आम्हाला वारा लागू नये म्हणून. मी झोपलो होतो, ऊब घेत.

"आणि बहिणीला काय सांगितलंस?" मी म्हणालो. "वाट पाहिली म्हणून? ती बाई वर्षभर स्वतःला खुनी समजतेय. पोरगी घर सोडून चाललीय. काट्या, अरे माणूस आहेस की कोण?"

"रोज सांगायला जातो झटक्या. रोज. कोपऱ्यावर आलो की उजेड वर जातो. मला वाटतं दाजी बसले. त्यांच्यासमोर कसं सांगू, की मी बघितलंच नाही?"

"उजेड खरंच वर जातो," मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला चिरका वाटला.

त्यानं मान वर केली. "तुलाही दिसतो?"

मी म्हणालो, "आज संध्याकाळी तिच्या घरी जायचं. मी येतो बरोबर. पिशवी मी उचलतो, पुली तू उचल."

तिचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत मुलीच्या पेट्या भरून ठेवलेल्या. मुलगी त्यांतल्याच एकीवर बसली होती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. काट्यानं पुली जमिनीवर ठेवली. मी पिशवी तिच्याजवळ ठेवली. बाईनं पिशवी ओळखली, कारण तिचा हात लगेच त्या निळ्या शिवणीवर गेला.

काटा उभ्यानंच बोलला. खुर्ची दिली तरी बसला नाही. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. उजेडाचं सांगितलं, पुलीचं सांगितलं, दाराचं सांगितलं. शेवटी मुलीकडे वळला. "आईच्या हाकेनं नाही गेले तुझे बाबा. हाकेला ते वळले, चष्मा घेतला आणि परत आले. त्याला वेळ कितीसा लागला असेल? मी थांबलो असतो तर ते चढले असते. मी थांबलो नाही. आणि थांबलो म्हणून खोटं बोललो. तू आईला बोललीस तेव्हा मी तिथेच होतो."

मुलीनं पेटीच्या कडीवर हात ठेवला होता, तो काढला. मग उठून आईजवळ गेली आणि तिच्या दंडाला नुसती चिकटून उभी राहिली, लहान मूल पाहुण्यांसमोर उभं राहतं तशी. आईनं तिच्याकडे बघितलंही नाही. ती भावाकडे बघत होती.

"इतके महिने," ती म्हणाली. "रोज सकाळी मी तुझ्या गाडीत बसत होते दादा."

"हो."

"माझ्या पाठीमागे, माझ्या पायाखाली ही पिशवी होती."

"हो."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. काटा वळला आणि जिना उतरायला लागला. मी त्याच्यामागे. आम्ही खालच्या मजल्यावर पोचलो असू, तोच वरून हाक आली.

"दादा!"

मी आयुष्यात अशी हाक ऐकली नाही. वर्षभर आत दाबून ठेवलेलं सगळं त्या एका शब्दात होतं. शेजारची दोन दारं उघडली. काटा जिन्यावर गोठला. कठडा धरून तो मागे वळला, पूर्ण वळला, आणि वर बघितलं. ती जिन्याच्या तोंडाशी उभी होती, मुलगी तिच्यामागे.

"उद्यापासून या कोपऱ्यावर गाडी थांबवू नकोस," ती म्हणाली. "मी माझी येईन. मला तुझी गाडी नको."

तो हो म्हणाला. तिला ऐकू गेलं नसेल, एवढ्या हळू.

मुलगी आत्याकडे गेली नाही. पेट्या रिकाम्या झाल्या, असं नंतर वेल्डरनं सांगितलं. बहीण आमच्याआधी साइटवर पोचते, बसनं येते. आता ती हाका मारते. 'गवंडीभाऊ, पाणी सांडलंय बघा' म्हणून वरच्या मजल्यावरून ओरडते. इमारतभर तिचा आवाज असतो. फक्त एकाच माणसाला हाक मारत नाही, आणि तो माणूस गाडीपाशीच थांबतो, जिन्याकडे तोंड करून.

पण त्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं. पहाट होती. मी पुढे, वेल्डर आणि गवंडी मागे. कोपरा आला. काट्यानं गाडी हळू केली नाही. सांगितलं होतं तसं केलं. दिव्यांचा उजेड गोदामाच्या भिंतीवर आला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत गेला आणि निघून गेला. गाडीनं वळण घेतलं. काट्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण हात स्थिर होते.

मग तो म्हणाला, "झटक्या, मागे कोणीतरी धावतंय."

मी आरशात बघितलं. मग मान वळवून, जाळीतून, मागच्या काचेतून बघितलं. रस्ता रिकामा होता. कुत्रंसुद्धा नव्हतं. मी चांगला बघितला, आणि मला नीट दिसतं. रस्त्यावर कोणीही नव्हतं.

मी म्हणालो, "थांबव गाडी."

त्यानं ती कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागचे दोघे जागे झाले. काटा सीटवर पूर्ण मागे वळून बसला, दाराकडे तोंड करून, आणि त्यानं वाट पाहिली.